शून्य टोपल्यांचं मीठ

दांडी गावात मासळी खारवणाऱ्या बाया पन्नास तरी असतील, पण हौदाच्या काठावरून नुसता वास घेऊन "मीठ कमी पडलाय" असं सांगणारी ठकी एकटीच होती. वय तेवीस. अंगानं काटक, आणि आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतल्या माणसानं वल्हं थांबवून मागं बघावं. असा आवाज एखाद्या नाटकवाल्याच्या कानी पडला असता तर त्यानं तिला उचलून रंगमंचावर उभी केली असती. पण दांडीला नाटकवाले येत नसत. ठकीच्या वाट्याला आला तो दगडी हौद आणि मिठाची टोपली.

तिचा नवरा जिवल्या पागधरे. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या फेरीला होडी गेली. पाच गेले, चार आले. जिवल्या आला नाही. मूलबाळ नव्हतं. माहेरचे न्यायला आले तेव्हा सासू मैनाबाई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "माजा पोर गेला म्हनून ही कुटं जाईल? हौद हाय. ऱ्हाईल." हे मायेनं म्हटलं की हुकमानं, ते ठकीला कधीच नीट कळलं नाही. ती राहिली.

मैनाबाईचा हौद मोठा होता. काठोकाठ भरला तर चाळीस टोपल्या मासळी घ्यायचा. तो भरण्याची एक रीत होती. होड्या किनाऱ्याला लागायच्या आधीच हौदाच्या तळाला अर्धी टोपली मीठ पसरून ठेवायचं. याला म्हणायचं हातरूण. मग मासळीचा थर, मिठाचा थर, मासळीचा थर, मिठाचा थर. शेवटी वरून पुन्हा अर्धी टोपली, ते पांघरूण. मासळी चार टोपल्या असो की चाळीस, हातरूण-पांघरूण तेवढंच. हौदाचा तळ काही मासळी बघून लहानमोठा होत नाही. एखाद्या दिवशी होड्या रिकाम्या आल्या तरी हातरूण घातलेलं असायचंच. मैनाबाई म्हणायची, "पावना येवो नाय येवो, हातरूण घातलेलाच बरा."

मिठानं ठकीच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. भेगा भरून यायच्या आत दुसऱ्या दिवसाचं मीठ त्यांत जायचं. गरम भाकरी मोडतानासुद्धा ती श्वास रोखून धरायची.

सन चौसष्टच्या थंडीत एके सकाळी गावच्या शाळेचे दिनानाथ गुरुजी हौदापाशी आले. गुरुजी बार्शीकडचे. दोन वर्षांमागं बदलून आले होते, मासळी खात नव्हते, आणि वाळवणाच्या बाजूनं जायचं म्हणजे नाकाला रुमाल लावत. गावातल्या बाया त्यांना मागून "रुमालगुरुजी" म्हणत. माणूस मात्र लोण्यासारखा. शाळेत छडी होती, ती खिडकी उघडी राहावी म्हणून अडकवायला.

"बाई," गुरुजी रुमालातून म्हणाले, "जरा विचारायचं होतं. या हौदात आज मासळी किती घातली?"

"आठ टोपल्या."

"आणि मीठ?"

"तीन."

"तीन टोपल्या?"

"नाय, तीन चिमट्या," शेजारच्या हौदावरची शकू म्हणाली, आणि सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या.

गुरुजीही हसले. वहीत लिहू लागले. "आणि हौद भरला तर?"

"चाळीस टोपल्या मासळी बसतं."

त्यांनी 'चाळीस' लिहिलं. चाळीसला मीठ किती, ते मात्र विचारलं नाही. वास सोसवेना झाला होता, पाऊल मागं निघालं होतं. तेवढ्यात ठकी मान वाकडी करून वहीत बघत म्हणाली, "गुरुजी, तिनापुडं टोपल्या लिवा. नुसता तीन लिवलंत तर कोन तीन मण समजंल."

गुरुजींनी रुमाल खाली घेतला. "तुम्हाला वाचता येतं? तेही उलट्या बाजूनं?"

"चवथी पास हाय. तुमच्याच शाळंत."

"मग पुढं का नाही शिकलात?"

"पुडं लगीन झाला."

तिला 'तुम्ही' म्हणणारा गावातला पहिला माणूस तो. दुसऱ्या दिवशी ते मैनाबाईच्या ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, ठकीला बाहेरून सातवीच्या फायनलला बसता येतं. पास झाली तर बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात नाव घालता येतं, आणि तिथून बाहेर पडली की मास्तरीण. "किनाऱ्यावरच्या शाळांना बाई मिळत नाहीत हो. तुमची सून शिकवायला लागली तर गावाचं भाग्य."

मैनाबाई सुपारी कातरत होती. "आनि हौद?"

"हौदाला दुसरी कोणी..."

"दुसरी कोन? तुमी येताव रुमाल बांदून?"

ठकी आत चुलीशी बसली होती. तिच्या कपाळावर घाम आला तो चुलीचा नव्हता. बराच वेळ अडकित्त्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग मैनाबाई म्हणाली, "एक परीक्षा. एकच. पास झाली तर जाऊ दे तिला. नाय झाली तर शाळंचा नाव ह्या घरात परत काडायचा नाय. तिनंबी नाय, तुमीबी नाय."

असा करार झाला. परीक्षेला पाच महिने होते.

दुपारी होड्यांचं काम आटोपलं की ठकी हात धुऊन शाळेच्या पडवीत येई. मोठ्या सुटीचा अर्धा तास, आणि शाळा सुटल्यावरचा एक. भूगोल पाठ झाला, इतिहास पाठ झाला. भूमितीनं रडवलं. त्याहून रडवलं ते नव्या मापांनी. ती मण आणि शेरावर वाढलेली, आणि पुस्तकात सगळीकडे किलो आणि ग्रॅम, मीटर आणि सेंटिमीटर. शंभर ग्रॅम म्हणजे हातात किती जड लागेल, ते तिला कळेना, आणि जे हातात कळत नाही ते डोक्यात राहीना.

समीकरणं मात्र तिला आवडली. का, ते तिला सांगता आलं नसतं. दोन गोष्टी एकमेकींचा हात धरून चालतात, आणि त्यांचं ते चालणं एका ओळीत लिहिता येतं, याची तिला गंमत वाटे. पहिल्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर लिहिलं, 'य = कक्ष'.

"कक्ष म्हंजे काय?"

"कक्ष म्हणजे खोली," गुरुजी सवयीनं म्हणाले, मग फळ्याकडे बघून स्वतःच हसत सुटले. "अहो, खोली नव्हे! क गुणिले क्ष. क्ष वाढला की य वाढतो, त्याच पटीत. क म्हणजे ती पट. ती बदलत नाही."

"क हटून बसलाय म्हना."

"अगदी तसं."

मग गुरुजींनी विचारलं, "जाळं तरंगावं म्हणून दर वावेला, म्हणजे दर चार हातांवर, एक बोया बांधतात ना? मग वीस वाव जाळ्याला बोये किती?"

"एकवीस."

"एकवीस? वीस ना?"

"टोकाचा इसरलात. पयला बोया सुरवातीला, मंग दर वावंला एक. दोन्ही टोकांना बोया नको? नाय तर जालं बुडंल एका बाजूनं."

गुरुजी खडू खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तिला ती गोष्ट सांगितली जी पुढं तिला महागात पडली. ते म्हणाले, "ठकूबाई, शाब्बास. हे दिसायला समप्रमाण, पण असायला नाही. कसं ओळखायचं सांगतो. शून्य घालून बघायचं. क्ष शून्य केला, तर य शून्य झालाच पाहिजे. काही नसेल तर काही नाही. तसं झालं तर समप्रमाण. क्ष शून्य असताना य थोडासाही उरला, तर ते समप्रमाण नव्हे, मग समोर कोणी काहीही म्हणो. आधी शून्य घालून बघायचं, मग समीकरण लिहायचं."

"सुन्याला सुन्य," ठकी म्हणाली.

"शून्याला शून्य."

त्या दिवसापासून ती जाता-येता हे करू लागली. विहिरीवर, ओट्यावर, हौदावर. शकू म्हणाली, "काय गो, एकटीच काय पुटपुटतंस? भूत लागला काय?"

"सुन्य लागला," ठकी म्हणाली.

एप्रिलात परीक्षा आली. पालघरचं केंद्र. तारापूरहून पहाटेची एसटी, बोईसरहून गाडी. मैनाबाईनं जुनी हिरवी साडी पेटीतून काढून दिली. स्वतःच्या हातानं नेसवली. निघताना हाक मारली, "बोटांना तेल लाव. लिवताना चुरचुरंल." ठकीला तो क्षण पुढं फार दिवस आठवत राहिला. सासूच्या मनात ती पास व्हावी असं असावं, की सासूला फक्त बोटांची काळजी होती? ज्या बोटांनी हौद भरायचा त्यांची?

गणिताचा पेपर तिसऱ्या दिवशी. घंटा झाली, पेपर वाटले गेले. भूमितीचे दोन प्रश्न तिनं वाचले आणि सोडून दिले. किलोग्रॅमच्या प्रश्नात ती खाली-वर होत राहिली. घाम बोटांवर आला, भेगा चुरचुरू लागल्या. आणि मग तिनं सातवा प्रश्न वाचला.

'८ टोपल्या मासळी खारवण्यास ३ टोपल्या मीठ लागते. मासळीच्या टोपल्या क्ष व मिठाच्या टोपल्या य मानून त्यांतील संबंध समीकरणाने लिहा. ४० टोपल्या मासळीस किती मीठ लागेल? गुण ८.'

तिला आधी वाटलं, चूक वाचलं. परत वाचलं. आठ, तीन, चाळीस. हा तिचाच हौद होता! पालघरच्या त्या अनोळखी वर्गात, भिंतीवर कोणत्या कोणत्या पुढाऱ्यांच्या तसबिरी, समोर चष्मेवाले पर्यवेक्षक, आजूबाजूला वेण्या घातलेल्या मुली, आणि कागदावर छापून आलेला मैनाबाई पागधरेचा हौद. कोणीतरी तिसरी घंटा देऊन पडदा वर करावा आणि समोर आपलंच अंगण दिसावं, तसं झालं. तिला हसू फुटलं. पर्यवेक्षकांनी डोळे वटारले.

याचं उत्तर तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. शेजारची मुलगी भराभरा लिहीत होती. ठकीनं मात्र गुरुजींनी सांगितलं तसंच केलं. आधी शून्य घातलं. मासळी शून्य टोपल्या. मीठ? मीठ शून्य नाही. हातरूण असतं. म्हणजे समप्रमाण नव्हे. तीन टोपल्यांतली एक हातरूण-पांघरुणाची. उरल्या दोन. दोन टोपल्या मीठ आठ टोपल्या मासळीच्या थरांना. म्हणजे चार टोपल्यांना एक.

तिनं स्वच्छ अक्षरात लिहिलं:

'य = क्ष / ४ + १. ४० टोपल्या मासळीस ११ टोपल्या मीठ लागेल. हे समप्रमाण नाही, कारण मासळी शून्य असली तरी हौदास मीठ लागते.'

शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. इतकं सुंदर वाक्य आपण आयुष्यात लिहिलं नव्हतं, असं तिला वाटलं.

गुरुजी फाटकाबाहेर उभे होते. हातात कागदाच्या पुडीत दोन पेरू. ठकी जवळजवळ धावतच आली. "गुरुजी, आपला हौद आला! आठाला तीन! तुमी त्या दिवशी लिवलेला!"

गुरुजींचा चेहरा उजळला. "आलं? खरंच आलं? अहो, जिल्ह्यानं आपापल्या भागातली उदाहरणं मागवली होती, म्हणून मी पाठवलं होतं ते. तुम्ही शिकायला यायच्या आधीची गोष्ट. ते निवडतील असं स्वप्नातही नव्हतं." त्यांना इतका आनंद झाला की पेरू द्यायचे राहिले. "मग? समीकरण काय लिहिलंत? तीन अष्टमांश क्ष! आणि उत्तर पंधरा!"

"अकरा," ठकी म्हणाली.

"पंधरा."

"अकरा, गुरुजी. सुन्य घालून बगितला ना मी. हातरूण-पांगरूण एक टोपली, ती तेवडीच ऱ्हातं. मंग चाराला एक. धा आनि एक, अकरा."

गुरुजींची नजर हातातल्या पुडीवर गेली. फाटकातून मुली बाहेर पडत होत्या, "पंधरा ना गं?" "हो, पंधराच" असं एकमेकींना विचारत, सांगत. ठकीनं ते ऐकलं. तिनं गुरुजींकडे बघितलं. "बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "अगदी बरोबर आहे." आणि पेरूची पुडी तिच्या हातात दिली.

त्या दोन शब्दांवर ठकी दोन महिने जगली.

मे महिन्यात एका सकाळी गुरुजी परत हौदापाशी आले. शकूनं कोपर मारून दाखवलं, "बग, रुमाल नाय आज." खरंच रुमाल नव्हता. ते काठाशी उभे राहिले आणि ठकी हौद भरत असताना ओठ हलवत मोजत राहिले. वास येत असणारच; चेहरा पांढरा पडला होता, पण हलले नाहीत.

"सोळा टोपल्या मासळी," शेवटी ते म्हणाले. "मीठ पाच."

"पाच."

"नेहमी असंच?"

"माज्या सासूच्या सासूपासनं."

गुरुजींनी मान हलवली. वहीत काही लिहिलं नाही. ते गेल्यावर ठकी शकूला अभिमानानं म्हणाली, "माजं उत्तर बगायला आले व्हते."

जूनमध्ये निकालाचं कार्ड आलं. टपालवाल्यानं ते मैनाबाईच्या हातात दिलं, मैनाबाईनं ते ठकीच्या हातात दिलं. गणित २९. पास व्हायला पस्तीस लागत. बाकी सगळ्या विषयांत ती पास होती. खाली लिहिलं होतं, अनुत्तीर्ण.

ठकीनं मनातल्या मनात एकोणतिसात आठ मिळवले. सदतीस. तिचा काही घोटाळा होत असेल म्हणून तिनं परत मिळवले. सदतीसच.

"काय आला?" मैनाबाईनं विचारलं.

"नापास."

मैनाबाई ओट्यावर बसली. म्हणाली, "हिरवी साडी धुऊन पेटीत ठेव." एवढंच. टोमणा नाही, समाधान नाही. ठकीला वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती शाळेत गेली. तिला वाटत होतं, कुठंतरी तपासणाऱ्याची चूक झाली आहे आणि गुरुजी ती दुरुस्त करतील. गुरुजी पडवीतच बसले होते, जणू तिची वाट बघत. कार्ड त्यांनी हातात घेतलं नाही.

"मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी गेल्या आठवड्यात पालघरला जाऊन आलो. खंडेराव मास्तर पेपर तपासायला होते, ओळखीचे आहेत. त्यांना सगळं सांगितलं. हातरूण, पांघरूण, सगळं. म्हटलं, मी उभा राहून मोजलंय, सोळाला पाच लागतात, सहा नाही."

"मंग?"

"ते म्हणाले, 'उत्तर छापून आलंय पंधरा. अकरा लिहिलं, शून्य. तुमच्या बाईला सांगा, आठ-आठ टोपल्या पाच हौदांत भरा, येतील पंधरा.' आणि हसले." गुरुजींनी चष्मा काढला. "मी चिडलो. तेव्हा ते म्हणाले, 'दिनानाथ, हे उदाहरण पाठवलं कोणी? कागदावर सही तुझी आहे. उत्तर पंधरा, हेही तूच लिहून पाठवलंयस.'"

अंगणात सुटीची पोरं आट्यापाट्या खेळत होती. त्यांचा गलका चालू होता.

"मी एकच जोडी विचारली होती, ठकूबाई. आठाला तीन. एका जोडीवरून समीकरण लिहिलं. वर्गात पोरांना ओरडतो, निदान दोन जोड्या ताडून बघा म्हणून. आणि मी स्वतः... वास येत होता हो. दुसरा प्रश्न विचारायला थांबलो नाही."

ठकीच्या मनात दुसरंच काही घर करून बसलं होतं. "म्हंजे पालगरला फाटकापाशी, तवाच तुमाला ठावं व्हता?"

गुरुजी खाली बघू लागले.

"मी इचारला, बरोबर हाय ना. तुमी म्हनालात, अगदी बरोबर."

"बरोबर होतंच ते."

"पन पास नाय व्हनार, ह्ये ठावं व्हता."

"हो."

"दोन महिने मी गावभर सांगत फिरलू. शकूला सांगितला, सासूला सांगितला. मास्तरीण व्हनार म्हनून पोरींना पाटीवर अक्षरं गिरवून दिली." तिचा तो मोठा आवाज अगदी बारीक झाला होता, आट्यापाट्या खेळणाऱ्या पोरांपर्यंत पोचलासुद्धा नाही. "खोटा बोलायचाच व्हता, तर आदी बोलायचा. आदीच म्हनायचा व्हता, सुन्यबिन्य घालू नको, छापलंय तसा लिव. मी लिवला असता पंधरा."

"परत बसा. मी मैनाबाईंच्या पाया पडतो."

"ती नाय म्हननार नाय," ठकी म्हणाली, आणि गुरुजी चमकले. "मीच नाय म्हनीन. एकच परीक्षा ठरली व्हती. एकीला दोन केल्या तर तीबी फसवनूकच."

ती उठली. कार्ड तिथंच राहिलं. गुरुजींनी ते पुढं वर्षानुवर्षं हजेरीपटात घालून ठेवलं, असं म्हणतात. ठकीनं ते परत मागितलं नाही.

पावसाळा गेला, होड्या पुन्हा लागल्या, पण ठकी हौदावर गेली नाही. मैनाबाईनं एकदा विचारलं, दोनदा विचारलं. ठकी म्हणाली, "हातरूण घालाया वाकलं की मला तो कागद दिसतो." त्या दिवसांत गावाच्या पलीकडे विजेच्या कारखान्याचं बांधकाम धडाक्यानं चालू झालं होतं. देशावरून, उत्तरेकडून माणसं येत होती, आणि गावच्या बायाही घमेली उचलायला जात होत्या. ठकी गेली. मैनाबाईनं अडवलं नाही. हौद तिनं शकूच्या हाती दिला, आणि शकूच्या हातून मीठ कधी कमी पडे, कधी जास्त होई.

बांधकामावर जायची वाट शाळेवरून होती. ठकी मान खाली घालून जायची. पण फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिला उशीर झाला होता आणि शाळा भरली होती. सातवीचा वर्ग. छडी अडकवलेल्या उघड्या खिडकीतून गुरुजींचा आवाज आला.

"आठ टोपल्या मासळीला तीन टोपल्या मीठ. तर चाळीस टोपल्यांना?"

"पंध-रा!" वर्ग एका सुरात म्हणाला.

ठकी थांबली. आत एक बारीक आवाज आला. शकूची पुतणी, मंजुळा. "गुरुजी, पन हातरूण?"

वर्गात हशा पिकला. तेवढ्यात गुरुजींची नजर खिडकीबाहेर गेली. डोक्यावर चुंबळ, हातात रिकामं घमेलं, ठकी उभी. दोघांनी एकमेकांना बघितलं. ठकीला वाटलं, आता हा माणूस फळ्यावरचं पुसेल. वाट्टेल ते होवो, पुसेल.

"मंजुळा," गुरुजी खिडकीकडे बघत म्हणाले, "हातरूण हौदात घालायचं. पेपरात पंधरा लिहायचं. लिहा सगळ्यांनी, उत्तर पंधरा."

पाट्यांवर पेन्सिली करकरल्या. ठकी तिथून निघाली.

कामावर मुकादम ओरडतच होता, बिहारकडचा, आवाज चांगला. "ए बाई, जल्दी! मसाला बनाना है. आज दस बोरी सिमेंट. बोलो, कितना?"

सिमेंट एक, रेती दोन, खडी चार. पहिल्याच दिवशी ते तिच्या तोंडी बसलं होतं. बाकीच्या बाया बोटांवर मोजू लागल्या. ठकीनं चुंबळ नीट केली.

"रेती बीस, खडी चालीस."

"और कल सिमेंट नहीं आया तो?" मुकादम गमतीनं म्हणाला. त्याला ही हिशेबी बाई आवडायची.

"तो कुछ नहीं," ठकी म्हणाली. "सुन्याला सुन्य. हितं हातरूण नाय."

मुकादमाला शेवटचं कळलं नाही. तो हसला. ठकीनं घमेलं भरलं, डोक्यावर घेतलं आणि रांगेत उभी राहिली. बोटांच्या भेगांत आता मिठाऐवजी सिमेंट बसत होतं. ते चुरचुरत नसे. तिथंच घट्ट होऊन राही.